शिन्कान्सेनचा हिशेब कोणी दिला? वेगवान रेल्वे आणि सरकारचे उत्तरदायित्व



वेगवान रेल्वेचा इतिहास बहुतेक पुस्तकांत 1 ऑक्टोबर 1964 या तारखेपासून सुरू होतो. त्या दिवशी जपानमध्ये टोकियो ते शिन-ओसाका या 515 किलोमीटरच्या नव्या मार्गावर ताशी 210 किलोमीटर वेगाने धावणारी शिन्कान्सेन सुरू झाली. या टिपणात आपण ती गाडी थोडा वेळ बाजूला ठेवू आणि तिच्या खर्चाचे कागद पाहू. 1959 मध्ये जपानच्या संसदेपुढे, म्हणजे डायटपुढे, मांडलेला खर्च होता 19,720 कोटी येन. काम पूर्ण झाले तेव्हाचा खर्च होता 38,000 कोटी येन. म्हणजे जवळजवळ दुप्पट. (येनचे सगळे आकडे मी आपल्या सवयीच्या कोटींत दिले आहेत.)

अंदाजपत्रक चुकणे ही आपल्या व्यवसायात नवलाची गोष्ट नाही. येथे वेगळे हे आहे की पहिला आकडा अपुरा आहे हे तो मांडणाऱ्यांना मांडतानाच ठाऊक होते. आणि तरीही तो प्रकल्प विसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी रेल्वे प्रकल्पांपैकी एक ठरला. मग प्रश्न पडतो: काम चांगले झाले, तर हिशेब खोटा दिला हे माफ होते का? आणि सरकार एवढा मोठा मार्ग बांधते तेव्हा नेमके कोणी, कोणाला आणि कधी उत्तर द्यायचे?

मराठीत ‘जबाबदारी’ आणि ‘उत्तरदायित्व’ हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. या टिपणापुरता त्यांत फरक करू. जबाबदारी म्हणजे काम पार पाडण्याचे ओझे. उत्तरदायित्व म्हणजे त्या कामाचा हिशेब दुसऱ्यापुढे ठेवण्याचे बंधन, आणि हिशेब पटला नाही तर त्याचे परिणाम सोसण्याची तयारी. जपानच्या गोष्टीत पहिली गोष्ट भरपूर सापडते. दुसरी कधी सापडते, कधी नाही.

जुना मार्ग आणि नवे महामंडळ

जपानची पहिली रेल्वे 1872 मध्ये टोकियोतील शिम्बाशी ते योकोहामा अशी सुरू झाली, आणि तिच्या दोन रुळांमधील अंतर 1,067 मिलिमीटर ठेवले गेले. आपल्याकडच्या मीटरगेजपेक्षा हे जेमतेम सात सेंटिमीटर जास्त. डोंगराळ देशात वळणे घेण्यासाठी आणि पैसा वाचवण्यासाठी ते ठीक होते, पण वेगाच्या दृष्टीने पुढे ते अडचणीचे झाले. रूळ रुंद करावेत की असलेल्या रुळांचे जाळे आणखी पसरवावे, यावर जपानच्या राजकारणात अनेक दशके वाद चालला. रुंद करण्याचा आग्रह अभियंत्यांचा होता. जाळे पसरवण्याचा आग्रह मतदारसंघांचा होता, आणि बहुतेक वेळा तोच जिंकला. 1940 च्या सुमारास टोकियोपासून पश्चिमेकडे रुंद रुळांच्या ‘बंदुकीच्या गोळी’सारख्या गाडीची योजना मंजूर झाली, काही जमीन घेतली गेली, बोगद्यांची कामे निघाली, आणि युद्धात सगळे थांबले.

युद्धानंतर 1 जून 1949 रोजी जपान राष्ट्रीय रेल्वे हे सार्वजनिक महामंडळ स्थापन झाले. या महामंडळाची रचना नीट समजून घ्या, कारण पुढच्या घोटाळ्याचे मूळ तिच्यात आहे. ते सरकारी खाते नव्हते, पण स्वतंत्र कंपनीही नव्हती. त्याचे वार्षिक अंदाजपत्रक डायट मंजूर करी. प्रवासभाडे कायद्याने ठरे, म्हणजे भाडेवाढ करायची तर डायटमध्ये जावे लागे, आणि ही व्यवस्था 1977 पर्यंत चालली. कोणता नवा मार्ग बांधायचा यातही राजकीय मंडळींचा शब्द मोठा. तोटा मात्र महामंडळाच्या खात्यावर. अधिकार एकाकडे आणि ताळेबंद दुसऱ्याकडे, अशी ही मांडणी होती.

महामंडळाच्या प्रमुखांवर सुरुवातीपासून एका प्रकारचे उत्तरदायित्व मात्र फार कडकपणे लादले गेले. एप्रिल 1951 मध्ये योकोहामाजवळ साकुरागिचो स्थानकात डब्यांना आग लागून 106 माणसे मेली. तेव्हाच्या अध्यक्षांना जावे लागले, आणि वाहनविभागाचे प्रमुख शिमा हिदेओ यांनीही महामंडळ सोडले. 1954 मध्ये महामंडळाची तोया मारू ही बोट वादळात बुडून अकराशेहून अधिक प्रवासी आणि खलाशी गेले. 1955 मध्ये शिउन मारू बुडाली, तिच्यातील मृतांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. पुढचे अध्यक्षही गेले. याच काळात, नोव्हेंबर 1956 मध्ये, आपल्याकडे अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रीपदाचा राजीनामा दिला, हे तुम्ही शाळेत वाचले असेल. अपघातानंतर वरच्या माणसाने पद सोडणे ही त्या पिढीची रीत होती. तिची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट लक्षात ठेवू. राजीनाम्याने नैतिक बाजू सांभाळली जाते. पण डबा पेट का घेतो, बोट वादळात का सोडली जाते, या प्रश्नांची उत्तरे राजीनाम्यात नसतात. ती चौकशीतून आणि कागदांतून शोधावी लागतात.

अर्धा आकडा

मे 1955 मध्ये अध्यक्षपद कोणी घ्यायला तयार नव्हते. 71 वर्षांचे सोगो शिंजी तयार झाले. तरुणपणी रेल्वेत नोकरी केलेले, नव्या मोठ्या मार्गाचे स्वप्न बाळगून असलेले, बोलायला रोखठोक. त्यांनी शिमा हिदेओंना परत बोलावले आणि तांत्रिक कामाचे प्रमुख केले. शिमांचे वडीलही रेल्वे अभियंते होते आणि रुंद रुळांचे पुरस्कर्ते होते, म्हणजे हा प्रश्न त्यांच्या घरातलाच होता.

त्या वेळची अडचण खरी होती. टोकियो ते कोबे हा तोकाइदो मार्ग साऱ्या जाळ्याच्या लांबीच्या तीन टक्क्यांच्या आसपास, पण देशातील रेल्वे प्रवासी आणि मालाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यावरून जाई. मार्ग तुंबला होता. काय करायचे याला तीन पर्याय होते: जुन्या रुळांशेजारी आणखी दोन अरुंद रूळ टाकायचे, अरुंद रुळांचाच वेगळा मार्ग बांधायचा, किंवा 1,435 मिलिमीटरचा पूर्णपणे नवा, फाटके नसलेला मार्ग बांधायचा. पहिले दोन स्वस्त. तिसऱ्याला जगात मागे उदाहरण नाही, आणि विमान व मोटार यांच्या युगात रेल्वेवर एवढा पैसा घालणे वेडेपणाचे, असे म्हणणारे तज्ज्ञ महामंडळाच्या आतही होते. मे 1957 मध्ये महामंडळाच्या तांत्रिक संशोधन संस्थेने टोकियोत एक जाहीर व्याख्यान ठेवले आणि टोकियो-ओसाका अंतर तीन तासांत कापता येईल असे आकडेमोडीने दाखवले. लोकमत तिथून वळले. डिसेंबर 1958 मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली. 20 एप्रिल 1959 रोजी युद्धकाळात अर्धवट राहिलेल्या बोगद्याजवळ काम सुरू झाले.

खर्चाचे काय झाले? शिमांच्या माणसांनी काढलेला आकडा 30,000 कोटी येनच्या घरात होता. सोगोंनी तो ऐकला आणि एवढा आकडा डायटमध्ये टिकणार नाही म्हणून तो खाली आणायला सांगितले. डायटपुढे गेला तो 19,720 कोटींचा. ही गोष्ट नंतर जपानमध्ये उघडपणे, बहुतेक वेळा कौतुकाने सांगितली गेली आहे.

तुम्ही अंदाजपत्रक हा विषय शिकत असाल, तर येथे थोडे थांबा. अंदाजपत्रक हा केवळ ‘किती पैसे लागतील’ याचा अंदाज नसतो. तीन पर्यायांपैकी एक निवडताना तो तराजूतला मुख्य वजनकाटा असतो. एका पारड्यात खोटे वजन ठेवले की निवड झाली असे म्हणता येत नाही, ती करवून घेतली असे म्हणावे लागते. सोगोंचा निर्णय बरोबर होता असे आज आपण म्हणू शकतो, कारण निकाल हाती आहे. 1959 च्या खासदाराच्या हाती फक्त आकडा होता. आणि त्याच काटछाटीने उद्या एखादा निरुपयोगी मार्गही मंजूर करवून घेता येतो. आकडा कमी दाखवणारा प्रत्येक जण स्वतःला सोगोच समजत असतो.

जागतिक बँकेची दोरी

सोगोंची दुसरी खेळी अधिक हुशारीची होती. मंत्रिमंडळे बदलतात, अर्थखाते हात आखडते, आणि अर्धवट बोगदे पुन्हा पंधरा वर्षे पडून राहतात, याची त्यांना धास्ती होती. तेव्हाचे अर्थमंत्री सातो एइसाकु स्वतः रेल्वे खात्यातून वर आलेले होते. जागतिक बँकेकडून कर्ज घ्या, म्हणजे पुढच्या सरकारला माघार घेता येणार नाही, ही कल्पना त्यांनीच दिली असे सांगतात. 2 मे 1961 रोजी 8 कोटी डॉलरचा करार झाला. व्याज 5.75 टक्के, मुदत वीस वर्षे, हमी जपान सरकारची.

आता आकडेमोड करून पाहा. डॉलरला 360 येन हा तेव्हाचा बांधलेला दर. म्हणजे कर्ज 2,880 कोटी येन. मंजूर खर्चाच्या सुमारे 14.6 टक्के, अखेरच्या खर्चाच्या 7.6 टक्के. पैशासाठी हे कर्ज फार महत्त्वाचे नव्हते. महत्त्वाची होती ती सही. प्रकल्प पूर्ण करू, असे सरकारने परदेशी सावकाराला लिहून दिले, आणि ते बंधन स्वतःच्या संसदेला दिलेल्या आकड्यापेक्षा पक्के ठरले. जागतिक बँक प्रायोगिक तंत्राला कर्ज देत नसे, म्हणून यात प्रयोग काहीच नाही, सगळी तंत्रे वेगवेगळ्या ठिकाणी सिद्ध झालेली आहेत आणि आम्ही फक्त ती एकत्र करत आहोत, असे महामंडळाने पटवून दिले. शिमांच्या बाबतीत हे बरेचसे खरेही होते. त्यांची सगळी पद्धतच ती होती.

कर्ज 1981 मध्ये फिटले. मधल्या काळात, 1971 नंतर, येन वधारला आणि डॉलरमधले हप्ते जपानला स्वस्त पडत गेले. हा नशिबाचा भाग. ज्या देशाचे चलन उतरते त्याला परकीय चलनातील कर्ज उलट महाग पडते, हे पुढे भारताच्या संदर्भात आठवावे लागेल.

1963

काम चालू असताना मजुरी, जमीन आणि सामान यांचे भाव चढले. जपानची अर्थव्यवस्था त्या वर्षांत झपाट्याने वाढत होती, तेव्हा सगळा फरक लपवाछपवीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पाया मुळातच अपुरा होता. खर्च आधी 29,260 कोटींवर सुधारून घेतला गेला. नंतर लगेच आणखी 8,740 कोटी कमी पडतात हे उघड झाले. 30 मार्च 1963 रोजी चाचणीगाडीने ताशी 256 किलोमीटरचा विक्रम केला, आणि त्याच वसंतात डायटमध्ये अध्यक्षांना धारेवर धरले गेले. त्याआधीच्या वर्षी मिकावाशिमा येथे तीन गाड्यांच्या टकरीत 160 माणसे गेली होती. मे 1963 मध्ये सोगोंची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. शिमाही बाहेर पडले.

सोळा महिन्यांनी टोकियो स्थानकावर पहिल्या गाडीची फीत कापली गेली तेव्हा फलाटावर हे दोघे नव्हते. त्यांनी तो सोहळा घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. पुढे 1973 मध्ये टोकियो स्थानकात शिन्कान्सेनच्या फलाटाच्या टोकाशी सोगोंचे शिल्प बसवले गेले, आणि 1981 मध्ये, म्हणजे ते कर्ज फिटले त्याच वर्षी, ते 97 व्या वर्षी वारले.

विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली की वर्गाचे दोन तट पडतात. काहींना सोगो हुतात्मा वाटतात, काहींना संसदेची फसवणूक करणारे अधिकारी. मला ते दोन्ही वाटतात, आणि त्यात विरोध दिसत नाही. त्यांनी फसवले, त्याची किंमत स्वतः मोजली, आणि पळ काढला नाही. या गोष्टीत उत्तरदायित्वाची साखळी निदान पूर्ण झाली: आकडा कोणी दिला हे माहीत होते, तो कोणापुढे दिला हे माहीत होते, आणि तो खोटा ठरल्यावर कोणाला जावे लागले हेही माहीत आहे. मात्र हे सगळे घडले ते काम जवळजवळ पुरे झाल्यावर. पर्याय निवडण्याची वेळ कधीच निघून गेली होती.

ज्या निर्णयांना नाव नसते

ज्या आर्थिक वर्षात शिन्कान्सेन सुरू झाली त्याच वर्षी, 1964 मध्ये, जपान राष्ट्रीय रेल्वे प्रथमच तोट्यात गेली. सुमारे 3,000 कोटी येन. योगायोगाने वाचक येथे फसतात, म्हणून स्पष्ट लिहितो: तोटा शिन्कान्सेनमुळे नव्हता. टोकियो-ओसाका मार्ग लवकरच नफ्यात आला आणि पुढे साऱ्या जाळ्याचा तोच आधार झाला. तोटा होता तो खेड्यापाड्यांतील रिकाम्या गाड्यांचा, डायटने अडवून धरलेल्या भाड्यांचा, मोठ्या नोकरभरतीचा आणि त्यामागून आलेल्या निवृत्तिवेतनाचा, आणि नव्या बांधकामासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाचा.

जपानी भाषेत ‘आपल्या शेतात पाणी वळवणे’ असा अर्थ असलेली एक जुनी म्हण आहे. तिच्यातील ‘पाणी’ काढून ‘रेल्वे’ घातली की ‘गादेन-इन्तेत्सु’ हा शब्द होतो. आपण म्हणतो आपल्याच पोळीवर तूप ओढणे. तोकाइदो मार्गावर गिफु-हाशिमा नावाचे स्थानक भातशेतीच्या मधोमध उभे राहिले, आणि स्थानकासमोर स्थानिक नेते ओनो बान्बोकु आणि त्यांच्या पत्नीचा पुतळा आहे. लोक त्याला ‘राजकीय स्थानक’ म्हणत आले. मार्गाची आखणी आणि बर्फाच्या भागापूर्वी थांब्याची गरज पाहता तेथे स्थानक हवेच होते, आणि ओनोंनी उलट प्रांताची नाराजी शमवली, असेही सांगणारे आहेत. पुतळा मात्र अभियंत्याचा नाही.

मोठी गोष्ट कायद्यातून घडली. 1964 मध्येच रेल्वे बांधकामासाठी वेगळे महामंडळ निघाले. ते मार्ग बांधी आणि चालवायला राष्ट्रीय रेल्वेकडे देई. बांधणारा एक, तोटा सोसणारा दुसरा. 1968 मध्ये एका सल्लागार समितीने 83 तोट्यातील मार्ग बंद करण्याची शिफारस केली. मोजकेच बंद झाले, आणि दुसऱ्या बाजूने नवे उघडत राहिले. 1970 मध्ये देशभर शिन्कान्सेनचे जाळे विणण्याचा कायदा झाला. 1972 मध्ये तानाका काकुएइ पंतप्रधान झाले. सारा देश वेगवान रेल्वेने आणि महामार्गांनी जोडायचा, मागास भाग पुढे आणायचा, हा त्यांचा कार्यक्रम, आणि त्यात शिन्कान्सेनची स्वप्ने 9,000 किलोमीटरपर्यंत गेली. त्यांचा स्वतःचा प्रांत निइगाता. तिथे जाणारा जोएत्सु शिन्कान्सेन मार्ग डोंगरांखालून, 22 किलोमीटर लांबीच्या दाइशिमिझु बोगद्यातून, नोव्हेंबर 1982 मध्ये सुरू झाला. बर्फात वर्षाचे कित्येक महिने अडकून पडणाऱ्या निइगाताच्या माणसाला ही गाडी म्हणजे उधळपट्टी वाटली नाही, हेही खरे. मागास भागाला न्याय आणि पुढाऱ्याचा मतदारसंघ या दोन गोष्टी कागदावर अगदी सारख्या दिसतात.

नागोयाचे 575 लोक

उत्तरदायित्वाची एक बाजू पैशाची नसते. नागोया शहरात सुमारे सात किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात उन्नत मार्ग दाट घरवस्तीला घासून जातो. 1964 मध्ये वेगवान रेल्वेच्या आवाजाची कोणतीही मर्यादा कायद्यात नव्हती, कारण अशी रेल्वेच जगात नव्हती. पहाटे सहापासून मध्यरात्रीपर्यंत दर काही मिनिटांनी घर हादरायचे. मार्च 1974 मध्ये 575 रहिवाशांनी न्यायालयात दावा लावला. मागण्या दोन: झालेल्या त्रासाची भरपाई, आणि आवाज व कंप ठरावीक मर्यादेत आणा, त्यासाठी लागल्यास गाडीचा वेग कमी करा.

दावा लागल्यावर सोळा महिन्यांनी, जुलै 1975 मध्ये, पर्यावरण खात्याने मानके ठरवली. मुख्यतः वस्तीच्या भागात 70 डेसिबल, इतरत्र 75. म्हणजे गाडी आधी आणि नियम अकरा वर्षांनी, तोही दाव्याच्या रेट्याखाली. 1980 मध्ये नागोया जिल्हा न्यायालयाने भरपाई मान्य केली, वेग कमी करण्याची मागणी फेटाळली. येथे वेग कमी केला तर दुसऱ्या ठिकाणचे लोकही तेच मागतील, आणि मग वेगवान रेल्वे वेगवान राहणार नाही, असा युक्तिवाद न्यायालयाने ग्राह्य धरला. 1985 मध्ये उच्च न्यायालयाचा कलही तोच राहिला. 1986 मध्ये तडजोड झाली: महामंडळाने पैसे दिले आणि आवाज कमी करण्याचे वचन दिले.

ते पूर्ण जिंकले नाहीत. तरी पुढच्या प्रत्येक मार्गावर आवाजरोधक भिंती, रुळांची घासाई, डब्यांच्या नाकाचा आकार, हे सगळे त्या 575 लोकांच्या सावलीत ठरले आहे. टोकियोच्या उत्तरेला सैतामा भागात तोहोकु शिन्कान्सेनला असाच विरोध झाला, तेव्हा सरकारने शेजारून स्थानिक प्रवाशांसाठी वेगळा मार्ग देऊन वाट काढली. ज्यांच्या दारावरून गाडी जाते त्यांना तिच्यात बसायलाही मिळावे, हा विचार इतका साधा आहे की तो पहिल्या आराखड्यात का नव्हता याचेच आश्चर्य वाटते.

37 लाख कोटी

1 एप्रिल 1987 रोजी जपान राष्ट्रीय रेल्वे मोडून सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी केली गेली. तेव्हा हिशेबात धरलेले एकूण दायित्व होते सुमारे 37 लाख कोटी येन. त्यापैकी साधारण 25.5 लाख कोटी एका निवारण महामंडळाच्या गळ्यात घातले. जमिनी विकून आणि कंपन्यांचे समभाग विकून ते फिटतील असे ठरले होते. जमिनींचे भाव चढले तेव्हा आणखी चढतील म्हणून सरकारने विक्री रोखली, नंतर बाजार कोसळला, आणि व्याज वाढत राहिले. 1998 मध्ये, अकरा वर्षांनी, कर्ज 28 लाख कोटींवर गेलेले होते. त्याचा मोठा हिस्सा सरकारच्या सर्वसाधारण खात्यात घेतला गेला आणि त्यासाठी तंबाखूवर खास कर बसला. निइगाताचा बोगदा, कधीही न भरलेल्या गाड्या, अडवलेली भाडेवाढ, या सगळ्याचा हप्ता सिगारेट ओढणारा माणूस भरू लागला.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. 18,280 कोटींच्या वाढीव खर्चासाठी एक अध्यक्ष आणि त्याचा मुख्य अभियंता गेले. 37 लाख कोटींसाठी कोण गेले? शोधायला गेलात तर हाती समित्या लागतील, कायदे लागतील, दर निवडणुकीतली आश्वासने लागतील. एकही नाव लागणार नाही. प्रत्येक निर्णय रीतसर मंजूर झालेला होता. सोगोंचा खोटा आकडा पकडता आला, कारण तो एका माणसाने एका दिवशी एका सभागृहापुढे ठेवला होता. तुकड्यातुकड्यांनी, बहुमताने आणि सद्भावनेने केलेली कर्जे पकडता येत नाहीत.

जपानने यातून काही शिकले, हे नोंदवायला हवे. 1996 च्या अखेरीस नव्या मार्गांसाठी रीत ठरली. चालवणारी कंपनी आपल्याला होणाऱ्या फायद्याएवढेच भाडे देते. उरलेल्या खर्चाचे दोन वाटे केंद्राचे, एक वाटा स्थानिक सरकारांचा. आणि काम सुरू होण्याआधी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: पैशाची निश्चित सोय, चालवून तोटा होणार नाही याची खात्री, गुंतवणुकीचा उपयोग, कंपनीची संमती, आणि शेजारचा जुना मार्ग मुख्य कंपनीपासून वेगळा होणार असेल तर स्थानिक सरकारांची संमती. येथे उत्तर आधी मागितले जाते, हा फरक मोलाचा. पण ही रीतसुद्धा कवच नाही. होकुरिकु शिन्कान्सेनचा कानाझावा ते त्सुरुगा हा टप्पा 2023 च्या वसंतात सुरू व्हायचा होता. 2020 मध्ये उशीर आणि सुमारे 26,580 कोटी येनचा वाढीव खर्च एकदमच बाहेर आला. परिवहन मंत्रालयाने बांधणाऱ्या संस्थेला कारभार सुधारण्याचा आदेश दिला. तिथल्या प्रांताला ही बातमी उशिरा कळली, हीच त्यांची मुख्य तक्रार होती. टप्पा 16 मार्च 2024 रोजी सुरू झाला.

आपल्याकडे

मुंबई-अहमदाबाद मार्ग याच शिन्कान्सेन तंत्राचा. लांबी 508 किलोमीटर, म्हणजे टोकियो-ओसाकाएवढीच. बारा स्थानके, मूळ अंदाज 1.08 लाख कोटी रुपये, भूमिपूजन 14 सप्टेंबर 2017. बांधणाऱ्या कंपनीत केंद्राचा निम्मा वाटा, महाराष्ट्र आणि गुजरातचा प्रत्येकी पाव. खर्चाच्या 81 टक्क्यांपर्यंत जपानचे कर्ज, व्याज 0.1 टक्का, मुदत पन्नास वर्षे. सोगोंच्या 14.6 टक्क्यांशी हे ताडून पाहा. तिथे कर्ज ही सरकारला बांधणारी दोरी होती, इथे ते प्रकल्पाचे अंगच आहे. व्याज नाममात्र आहे, पण परतफेड येनमध्ये आहे, आणि पन्नास वर्षांत येन आणि रुपया यांचे नाते कसे राहील यावर खरा खर्च ठरेल.

2022-23 ची पहिली मुदत गेली. महाराष्ट्रात भूसंपादन रेंगाळले. पालघर जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्रातील गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. विक्रोळीच्या जमिनीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायालयाने सार्वजनिक हिताचे कारण देत याचिका फेटाळली. नागोयाच्या निकालातला युक्तिवाद तुम्हाला इथे ओळखीचा वाटेल. एक फरक मात्र आहे: नागोयाचे लोक गाडी सुरू झाल्यानंतर बोलले, पालघरचे लोक रूळ पडण्याआधी. विरोध करणाऱ्याला आपण ‘अडथळा’ म्हणतो. प्रकल्पाच्या कागदांत तोच सर्वांत स्वस्तात मिळणारा आगाऊ इशारा असतो.

हिशेब मागायची साधने आपल्याकडे जपानच्या 1959 पेक्षा जास्त आहेत. संसदेतील प्रश्नोत्तरे, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल, लोकलेखा समिती, माहितीचा अधिकार. लेखापरीक्षण मात्र स्वभावतः मागाहून येते, सोगोंचा जाबही मागाहूनच घेतला गेला.

पुढच्या तासासाठी काम असे. तुमच्या राज्यातील एक मोठा प्रकल्प घ्या: मेट्रो, धरण, द्रुतगती मार्ग, काहीही. त्याचा पहिला मंजूर खर्च, प्रत्येक सुधारित खर्च, आणि प्रत्येक सुधारणेची तारीख शोधा. त्यासमोर एक रकाना ठेवा: हा आकडा कोणी, कोणापुढे मांडला. पर्यायांची तुलना केलेला कागद मिळाला तर तो सोबत आणा. रकाना जिथे रिकामा राहील तिथे तो रिकामाच ठेवा, अंदाजाने भरू नका. त्या रिकाम्या जागांवर आपण वर्गात बोलू.